बुटकी घोडी आणि खाली येणारा बूम: अनगोळच्या एका क्रेन-मॉडेलचं प्रकरण

प्रकरण असं आहे. बेळगावात अनगोळच्या एका गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळानं उद्यमबागच्या फाउंड्रीचा हलता देखावा करायचं ठरवलं. देखाव्याच्या मधोमध एक जुनी मोबाइल क्रेन हवी होती. टेबलावर मावेल एवढी, प्लास्टिकच्या ब्रिकमधून बांधलेली, पण मोटरवर खरोखर चालणारी: हूक वर-खाली, बूम म्हणजे क्रेनचा लांब हात वर-खाली, आणि वरचा भाग गोल फिरणारा. बांधणारा गल्लीतलाच दहावीचा मुलगा. त्याचे आज्जा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या यार्डात अशीच क्रेन चालवत निवृत्त झालेले. देखाव्याच्या तांत्रिक बाजूची जबाबदारी माझ्याकडे होती.

श्रावणात चाचणी घेतली तेव्हा क्रेननं लोखंडी वजन उचललं, फिरवलं, आणि मग मोटर बंद असताना बूम आपोआप खाली यायला लागला. आधी हळू, मग भरभर. वजन टेबलावर टेकलं तेव्हाच थांबला. कुठलाही भाग तुटला नव्हता, कुठली पिन निघाली नव्हती, गिअरचे दात शाबूत होते. सगळं धडधाकट असताना बूम का पडला, हा या प्रकरणाचा गाभा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात हलते देखावे करणारी मंडळं पुष्कळ आहेत. दोरीवर काही टांगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी भेटणार, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

विषय कसा ठरला

पहिली सूचना कपिलेश्वर तलावाची होती. अनंत चतुर्दशीला तिथं मोठ्या मूर्ती क्रेननं पाण्यात सोडतात, ते दृश्य बेळगावकरांच्या ओळखीचं. पण गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी नकार दिला. विसर्जन एकदाच होतं, ते रोज संध्याकाळी करमणूक म्हणून पुन्हा पुन्हा दाखवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. शिवाय फाउंड्री हा विषय या शहराचा हक्काचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. पुढे १९१० साली कारखाना किर्लोस्करवाडीला गेला, पण लोखंडाचं काम इथून गेलं नाही. उद्यमबाग, मच्छे, नावगे इथल्या शेडमधून आजही कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, बाहेर पडतात. गल्लीतल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी मोल्डर, टर्नर किंवा फिटर आहे. देखावा बघायला येणारे लोक चूक पकडणारे असणार, हे सुरुवातीपासून माहीत होतं.

क्रेन कुठली हेही आपसूक ठरलं. आज रस्त्यावर जी दिसते ती पिवळी हायड्रा. तिचा बूम तेलाच्या दाबावर लांब होतो. आज्जांची क्रेन त्याच्या आधीच्या पिढीतली: जाळीदार बूम, तो उचलायला वायर रोप, हूकला वेगळा वायर रोप, आणि मागे हे रोप गुंडाळणाऱ्या ड्रमची जोडी. बाजूवर ‘कोल्स’ अशी अक्षरं. हेन्री जेम्स कोल्स यांनी १८७९ साली इंग्लंडात सुरू केलेली ही कंपनी. पुढे सन्डरलंडला तिचा मोठा कारखाना झाला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाकडे तिच्या क्रेन होत्या, आणि १९९८ साली तो कारखाना बंद पडला. आपल्याकडे कोलकात्याच्या ट्रॅक्टर्स इंडिया कंपनीनं कोल्सच्या क्रेन बनवल्या, त्यामुळे देशभरातल्या यार्डांत आणि बंदरांत त्या दिसायच्या.

कोल्सच्या जुन्या क्रेनची एक खासियत मॉडेल बांधणाऱ्यानं नीट समजून घ्यावी अशी आहे. या क्रेन डिझेल-इलेक्ट्रिक होत्या. इंजिन जनित्र फिरवायचं, आणि त्या विजेवर प्रत्येक हालचालीची वेगळी मोटर चालायची. हूकची एक, बूमची एक, फिरण्याची एक. एका इंजिनावरून क्लच आणि गिअर बदलत सगळ्या हालचाली काढायच्या, असा प्रकार नव्हता. ब्रिकचं मॉडेल करताना बरेच जण एका मोटरवर गिअरबॉक्स बसवून तीन कामं काढतात. ते कौशल्याचं काम आहे, पण कोल्ससाठी ते चुकीचं आहे. इथं तीन हालचालींना तीन मोटरी लावणं ही सोय नव्हे, मूळ यंत्राशी इमान आहे.

माप

प्रमाण टायरवरून काढलं. मुलाकडच्या लेगो टेक्निकच्या साठ्यात ६२.४ मिलिमीटर व्यासाचे टायर होते. ट्रकचा १२.००-२० मापाचा टायर जवळपास १,१२० मिलिमीटरचा असतो. भागाकार केला की १८ येतात. म्हणजे प्रमाण १:१८. मग ३० फुटी बूम मॉडेलात ५०८ मिलिमीटरचा, ब्रिकच्या भाषेत साधारण ६३ स्टड (ब्रिकच्या डोक्यावरचे गोल उंचवटे), कारण एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंत अंतर ८ मिलिमीटर. अडीच मीटर रुंदीची गाडी १७ स्टडची.

वजनाचा हिशोब मात्र लांबीसारखा चालत नाही. लांबी १८ पट कमी झाली की वजन १८ गुणिले १८ गुणिले १८, म्हणजे ५,८३२ पट कमी होतं. गल्लीतल्या एका मोल्डरनं ४०० ग्रॅमचं बिडाचं कास्टिंग उचलायला दिलं, जेमतेम मुठीत मावणारं. प्रमाणात ते खऱ्या यार्डातलं सव्वादोन टनांच्या वरचं कास्टिंग होतं. मुलाला हे कळल्यावर त्याची क्रेनकडे बघण्याची नजरच बदलली. तोपर्यंत तो खेळण्यानं काहीतरी उचलायचं म्हणत होता. त्यानंतर तो टनात बोलायला लागला.

मोटरी लेगोच्या पॉवर फंक्शन्स मालिकेतल्या, एम आकाराच्या. ही मालिका २००७ साली आली, आता तिचं उत्पादन बंद आहे. त्यामुळे वापरलेल्या मोटरी मिळवाव्या लागल्या. ९ व्होल्टला मोकळी फिरली तर ही मोटर मिनिटाला ४०० च्या आसपास फेऱ्या घेते. प्रत्येक मोटरला एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, आणि त्याला लागलेला २४ दातांचा गिअर. वर्मच्या एका फेरीला गिअर एक दात सरकतो, म्हणून वेग २४ पट कमी. वर्मचा खरा फायदा दुसराच: मोटर गिअरला फिरवू शकते, पण गिअरनं वर्मला उलटं फिरवता येत नाही. मोटर बंद केली की वजन जिथल्या तिथं लटकून राहतं. वेगळा ब्रेक लागत नाही. त्याची किंमत घर्षणात मोजावी लागते. जो वर्म उलटा फिरत नाही तो निम्म्याहून जास्त ताकद घर्षणात घालवतोच.

इतकं असताना बूम खाली आला कसा?

कट्-कट् आवाज

बूमच्या ड्रमवर मुलानं साधा २४ दाती गिअर न लावता क्लच गिअर लावला होता. हा पांढरा गिअर दिसायला तसाच, पण त्याच्या पोटात एक घसरणारी कडी असते. त्याच्यावर छापलेलंच असतं: २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर. म्हणजे एवढ्या पिळाच्या पुढे गेलं की आतला दांडा गिअरमध्ये कट्-कट् आवाज करत घसरतो आणि मोटर किंवा दात वाचतात. मुलाचा विचार वावगा नव्हता. बूम पूर्ण वर गेल्यावर कुणी बटण दाबून ठेवलं, तर काही मोडू नये म्हणून त्यानं हा संरक्षक भाग घातला होता.

चाचणी बूम ६० अंशांवर ठेवून सुरू झाली. बूम उभा, हूक जवळ, सगळं ठणठणीत. लोकांना दिसावं म्हणून मग बूम खाली घेत कास्टिंग पुढे नेलं. ३० अंशांच्या आसपास पहिला ‘कट्’ ऐकू आला.

या टप्प्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बूमच्या पायाशी पिन आहे. त्या पिनभोवती कास्टिंग आणि बूमचं स्वतःचं वजन बूमला खाली ओढतात, आणि टोकाला बांधलेली दोरी वर धरते. दोरी किती ताणली जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, वजन पायापासून आडवं किती लांब आहे. दोन, पायाच्या पिनपासून दोरीची रेष किती दूरून जाते. दोरी पिनच्या जवळून गेली की तिला तेच वजन धरायला कितीतरी जास्त ओढावं लागतं.

दोरी मागे ज्यावर टेकते ती तिकोनी चौकट म्हणजे ए-फ्रेम. आज्जा तिला घोडी म्हणतात. मुलाच्या मॉडेलात ही घोडी बूमच्या पिनपासून फक्त ६० मिलिमीटर उंच होती. बूमचं वजन १५० ग्रॅम, कास्टिंग ४०० ग्रॅम. घर्षण सोडून हिशोब केला तर ६० अंशांवर दोरीवर एकूण ताण ०.९ किलोचा. ३० अंशांवर २.१ किलो. १५ अंशांवर ३.१ किलो. बूम आडवा झाला तर ४.९ किलो! दोरी चार पदरी होती, म्हणजे ड्रमवर याचा चौथा भाग येतो. ड्रमची त्रिज्या ८ मिलिमीटर. त्यावरून ड्रमवरचा पीळ ६० अंशांवर १.८, ३० अंशांवर ४.२, १५ अंशांवर ६.१ आणि आडव्या बूमला ९.७ न्यूटन-सेंटिमीटर.

आता गिअरवरची अक्षरं पुन्हा वाचा: २.५ ते ५. साठ अंशांवर क्लच निवांत आहे. तीस अंशांवर तो घसरायच्या पट्ट्यात आहे. एकदा घसरला की बूम थोडा खाली येतो, खाली आला की ताण वाढतो, ताण वाढला की आणखी घसरतो. सुरू झालेली घसरण मधे कुठे थांबण्याचं कारणच उरत नाही. आधी हळू आणि मग भरभर, ते यामुळे. वर्म आपलं काम चोख करत होता, तो तसूभर हलला नाही. पण वर्म आणि ड्रम यांच्या मधे घसरणारा भाग घातल्यावर वर्मनं धरून ठेवलेलं ड्रमपर्यंत पोचतच नव्हतं.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते इथं. संरक्षणासाठी घातलेल्या भागानंच धोका तयार केला होता. भाग उत्तम होता, जागा चुकीची होती. खऱ्या क्रेनवर बूमच्या ड्रमला ब्रेक असतो तो ड्रमला धरून ठेवण्यासाठी, आणि ब्रेक व ड्रम यांच्या मधे घसरू शकेल असं काहीही ठेवत नाहीत.

आज्जा काय म्हणाले

हिशोब चालू असताना आज्जा मॉडेलच्या बाजूला स्टूल घेऊन बसले होते. त्यांनी क्लच गिअर हातात घेतलाच नाही. घोडीवर बोट ठेवलं.

“ही अशी बुटकी का केलास रे?”

“फोटोत तशीच आहे की आज्जा.”

फोटो आणला. यार्डातला, जुना, क्रेनसमोर सगळे कामगार उभे. आज्जांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि म्हणाले, “अरे, ही गाडी रस्त्यावर काढायच्या तयारीतली आहे. बूम खाली घातलाय, घोडी पाडलीय. पुलाखालून जायचं असलं की पाडायची. कामाला लागताना उभी करायची. पाडलेल्या घोडीवर कोण वजन उचलतंय?”

अनेक जुन्या जाळीदार बूमच्या क्रेनची ही चौकट प्रवासासाठी खाली घेता येते. मुलानं फोटोवरून पट्टीनं मोजमाप घेतलं होतं आणि ते मोजमाप अचूकच होतं. पण यंत्र कुठल्या अवस्थेत आहे हे फोटो सांगत नाही. ते चालवणारा माणूसच सांगतो. उद्यमबागेतली अशी जुनी यंत्रं बहुतेक भंगारात गेली, पण ती चालवलेली माणसं अजून गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारून मॉडेल बांधायला हवं, हे मी दर वर्षी मंडळांना सांगतो आणि पुढेही सांगत राहीन.

घोडी १५० मिलिमीटर उंच केली. पुन्हा हिशोब: ३० अंशांवर दोरीचा ताण २.१ किलोवरून १.२ वर आला, आणि आडव्या बूमला ४.९ वरून २ किलोवर. मोटर तीच, दोरी तीच, वजन तेच. फक्त दोरीची वाट वर उचलली. ड्रमवरचा पीळ ३० अंशांवर २.४ आणि आडव्या बूमला ४.

एवढ्यानं भागलं असं मंडळाच्या पोरांना वाटलं, कारण बूम आता ३० अंशांवर तासभर टिकला. मी थांबवलं. ४ हा आकडा २.५ आणि ५ च्या मधे आहे. क्लच गिअर जुना झाला की लवकर घसरतो, आणि देखावा रोज संध्याकाळपासून रात्रीपर्यंत चालायचा होता, समोर लहान मुलं कठड्याला टेकून उभी. म्हणून ड्रमवर साधा २४ दाती गिअर बसवला आणि क्लच मोटर व वर्म यांच्या मधे नेला. तिथं पीळ कमी असतो, क्लच विनाकारण घसरत नाही, आणि मोटर अडकली तर तो मोटरला वाचवतो.

वर्मला लागून असलेला कंसही तेव्हाच बदलावा लागला. वर्म गिअरला ढकलतो तसा स्वतःही आपल्या दांड्याच्या दिशेनं मागे ढकलला जातो. दोन्ही बाजूंनी पक्का आवळलेला नसेल तर चौकट किंचित फाकते आणि दात उडी मारतात. दोन्ही टोकांना आडवे बीम घालून ती जागा पेटीसारखी बंद केली.

वरचं टोक

क्लच सरकवल्यानं एक नवा प्रश्न उभा राहिला आणि तो निपाणीहून आलेल्या मुलाच्या मामांनी पकडला. मामा मोटर रिवाइंडिंगचं काम करतात. त्यांनी विचारलं, बूम पूर्ण वर जाऊन मागच्या अडसराला लागला तर आता काय घसरणार?

उत्तर: क्लच घसरेल, पण फार उशिरा. क्लचचे ५ न्यूटन-सेंटिमीटर वर्ममधून २४ पट होतात. घर्षणात सत्तर टक्के गेले असं धरलं तरी ड्रमवर ३६ उरतात. ८ मिलिमीटर त्रिज्येवर म्हणजे दोरीत ४५ न्यूटन, चार पदरांचे मिळून १८० न्यूटन, जवळजवळ १८ किलोची ओढ. क्लच घसरायच्या कितीतरी आधी बूम पिनांसकट उखडून येईल. म्हणजे वरच्या टोकाला क्लचचा काही उपयोग नाही.

विजेच्या क्रेनवर याला लिमिट स्विच असतो. मामांनी तोच केला. बूमच्या पायाशी एक छोटा मायक्रोस्विच, बूम ७५ अंशांवर आला की दाबला जाऊन वीज तोडणारा. पण नुसती वीज तोडली तर बूम खालीही घेता येणार नाही, कारण स्विच दाबलेलाच राहतो. त्यासाठी स्विचच्या दोन टोकांना समांतर एक डायोड जोडला, वन-एन-४००७, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो तो. डायोड एकाच दिशेनं वीज जाऊ देतो. बूम वर नेणारी दिशा अडते, खाली आणणारी चालू राहते. बूम जरा खाली आला की स्विच सुटतो आणि सगळं पूर्ववत. पॉवर फंक्शन्सच्या वायरीत चार तारा असतात. बाहेरच्या दोन बॅटरीच्या, मधल्या दोन मोटरला जाणाऱ्या. जोडणी मधल्या दोनपैकी एकीत करायची. मोटरची मूळ वायर न कापता जादाच्या जोडवायरीत हे काम केलं, ते बरं झालं.

हूकच्या मोटरलाही तसाच स्विच लावला, नाहीतर हूक बूमच्या टोकाच्या पुलीत जाऊन अडकतो.

काउंटरवेट

चाचणीपर्यंत क्रेन बॅटरीवर होती. सहा सेलांचा डबा मागे, काउंटरवेटच्या म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनाच्या जागी. सेलांसकट तो २०० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणून जागा योग्यच होती. पण रोज इतका वेळ चालवायचं तर अॅडॅप्टर हवा. डबा काढला आणि क्रेन पुढे झुकली. वीजपुरवठा बदलला की तोल बदलतो, हे कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही, हाताला लगेच कळतं.

इथं गल्लीनं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावात सहज झालं नसतं. मुलानं ब्रिकमधून काउंटरवेटचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवायचा नमुना, बांधला: १२८ मिलिमीटर लांब, २४ रुंद, १४ जाड. वरचे स्टड गुळगुळीत टाइलनं झाकले आणि बाजूंना चिकटपट्टी थोडी तिरकी चढवली, म्हणजे वाळूतून पॅटर्न वर काढताना साचा ढासळू नये. त्या तिरकेपणाला मोल्डर ड्राफ्ट म्हणतात. बीड थंड होताना शेकडा एक या हिशोबानं आकसतं. १२८ चं कास्टिंग पावणेएकशेसत्तावीसच्या आसपास येणार, आणि ते १२८ च्या खणात बसवायचं असल्यामुळे हे आकसणं आमच्या सोयीचंच होतं. एका शेडमध्ये दिवसाचं ओतकाम संपता संपता लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, उरलेल्या लोखंडातून ते ओतलं. कास्टिंग थंड झाल्यावर वाळू झटकली तर टाइलांमधल्या फटींच्या बारीक रेघासुद्धा बिडावर उमटलेल्या होत्या. वजन ३०० ग्रॅमच्या वर. मोल्डरनं त्या रेघा घासू दिल्या नाहीत. लोकांनी बघितल्या पाहिजेत, म्हणाला.

तरीही बाजूला वळून ३० अंशांवर वजन उचललं की नुसत्या टायरवर क्रेन कलंडते. टायरची बाहेरची कड मध्यापासून ६५ मिलिमीटरवर, आणि कास्टिंग पावणेपाचशेवर. जॅक बाहेर काढून टेकू १२० मिलिमीटरवर नेला की स्थिर राहते. आज्जांनी पोरांना एकच नियम घालून दिला: जॅक लावल्याशिवाय हूकला हात लावायचा नाही. बूमच्या कडेला लोंबता काटा लावून अंश दाखवणारी पट्टी रंगवली आणि केबिनपाशी छोटा तक्ता चिकटवला, कुठल्या अंशाला किती ग्रॅम. तीस अंशांच्या खाली वजनासकट जायचं नाही, तिथं तक्त्यात फुली.

उरलेलं थोडक्यात

फिरण्यासाठी ६० दाती टर्नटेबलला (वरचा भाग ज्यावर फिरतो ती चकती) २० दाती गिअर लावला. दोन्हींच्या मध्यांतलं अंतर ४० मिलिमीटर, नेमकं पाच स्टड, त्यामुळे जोडणी सरळ झाली. वायरी टर्नटेबलच्या मधल्या भोकातून खाली नेल्या. खऱ्या क्रेनसारख्या स्लिप रिंग (फिरत्या भागातून वीज नेणाऱ्या कड्या) नसल्यामुळे सलग फिरता येत नाही, म्हणून दोन्हीकडे अर्ध्या फेरीवर अडसर ठेवला. चाकांना मोटर दिली नाही. देखाव्यात गाडी जागेवरच उभी होती.

रिमोटचा विचार सोडला, कारण या मालिकेचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो आणि मंडपातल्या झगमगाटात त्याचा भरवसा नाही. त्याऐवजी तीन उलट-सुलट स्विचांची लाकडी पेटी केली.

दोरी आधी सुती होती. बेळगावच्या पावसाळी हवेत ती फुगून ड्रमवर एकमेकांवर चढायची, आणि पिळाची असल्यामुळे हूक स्वतःभोवती गरगरायचा. पॉलिएस्टरची गोफ विणलेली दोरी लावल्यावर दोन्ही तक्रारी गेल्या. हूकच्या पेटीत दोन नट घालून ती जड केली, नाहीतर वजन नसताना पुलींच्या घर्षणामुळे हूक खाली उतरतच नाही. मोठ्या क्रेनचा हूक ब्लॉक जड असतो त्याचं एक कारण हेच.

एक गोष्ट मुलाला दोष वाटत होती आणि ती दोष नव्हती. बूम वर घेतला की हूकही वर जायचा, आणि कास्टिंग जमिनीपासून त्याच उंचीवर राहत नसे. तो ते दुरुस्त करायच्या मागे लागला होता. आज्जा म्हणाले, “आमची पण तशीच होती. बूम घेताना हूक सोडत जायचं. दोन हातांनी दोन कामं, तेच तर शिकायला लागतं.” म्हणून पेटीवर बूम आणि हूक यांचे स्विच शेजारी-शेजारी ठेवले, एका वेळी दोन्ही चालवता येतील असे.

झोके आवरणं मात्र शेवटपर्यंत जड गेलं. खऱ्या यार्डात सात मीटर दोरीवरचं वजन एका झोक्याला पाच सेकंदांच्या वर घेतं. ऑपरेटर त्या झोक्याच्या मागोमाग बूम नेऊन तो मारतो. मॉडेलात ४० सेंटिमीटर दोरीवर तोच झोका सव्वा सेकंदात होतो आणि हात तेवढ्या वेगानं चालत नाही. अॅडॅप्टर ६ व्होल्टवर आणून फिरण्याचा वेग कमी केला, तेव्हा झोका मुळात कमी बसायला लागला. पहिल्या संध्याकाळी पेटीवर मुलगा होता आणि खाली उभे राहून आज्जा हातानं खुणा करत ‘हबेस’ आणि ‘आर्या’ म्हणत होते, वर आणि खाली. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या इतर पोरांनी पाळ्या लावून घेतल्या.

उत्सव संपल्यावर मॉडेल उघडून बघितलं. बूमच्या ड्रमवरचा साधा गिअर जसाच्या तसा होता. वर्मच्या दांड्याभोवतीच्या भोकांत मात्र राखाडी भुकटी जमली होती, प्लास्टिक झिजलेलं. टर्नटेबल बाजूला धरून हलवलं तर आधीपेक्षा जास्त हलत होतं, आणि त्यामुळे बूमचं टोक जवळजवळ एका स्टडनं डावी-उजवीकडे जात होतं. ते आता बदलायचं आहे. चाकांना मोटर द्यायची असेल तर वायरी फिरत्या भागातून खाली कशा न्यायच्या, याचा आराखडा मामा आणि भाचा मिळून काढताहेत. पितळी कड्या आणि कार्बनचे ब्रश घालून छोट्या स्लिप रिंग करायच्या, असं मामांच्या मनात आहे. रिवाइंडिंगच्या दुकानात जुन्या मिक्सरच्या मोटरींतले ब्रश पडलेले असतात, त्यातूनच सुरुवात करणार आहेत.